पुनर्वसन, अनैतिक मानवी वाहतुकीतून सुटलेल्या स्त्रियांचे

अनैतिक मानवी वाहतुकीला बळी पडलेल्या स्त्रिया व मुली कुंटणखान्यातून किंवा तत्सम बंधनातून सुटल्यावर त्यांना दिला जाणारा निवारा, वैद्यकीय व कायदेशीर साहाय्य, शिक्षण, उपजीविकेची सोय आणि त्यांच्या हक्कांची पाठराखण यांना मिळून ही संज्ञा वापरली जाते. मोलमजुरी, घरकाम किंवा फसवे विवाह यांसाठी होणारी वाहतूकही संकल्पनेत येते. मात्र महाराष्ट्रातील कायदा आणि संस्था प्रामुख्याने वेश्याव्यवसायाभोवती घडल्या असल्याने प्रस्तुत नोंदीचा भर त्यावर आहे.

प्रारंभ : या कार्याचा उगम कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. एक मत पंडिता रमाबाईंपर्यंत मागे जाते. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगाव येथील मुक्ती मिशनच्या परिसरात, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, ‘पतित’ समजल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी कृपा सदन सुरू केले. तेथे आलेल्या स्त्रियांची पूर्वकहाणी एकसारखी नव्हती. वैधव्य, दुष्काळ, घरातून हकालपट्टी अशी कारणे त्यांत मिसळलेली होती, त्यामुळे सर्वांनाच वाहतुकीच्या बळी म्हणणे आजची संकल्पना मागे लादण्यासारखे होईल. दुसरे मत मुंबई इलाख्याच्या कायद्याला प्रारंभबिंदू मानते. डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात १९१७ मध्ये झालेल्या खुनाच्या खटल्याने शहर हादरले. त्यानंतर १९२१ मध्ये वेश्याव्यवसायाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि १९२३ मध्ये मुंबई वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. याच सुमारास राष्ट्रसंघाचा स्त्रिया व मुलांच्या वाहतुकीविरुद्धचा करार (१९२१) झाला होता. शहरातील दक्षता मंडळे व ‘रेस्क्यू होम’ही साधारणतः या दशकातलीच, श्रद्धानंद महिलाश्रमाचे नाव त्यांत घेतले जाते. दोन मतांपैकी दुसरे अधिक ग्राह्य वाटते, कारण पोलिसांनी सोडवणे, न्यायालयाने ताबा ठरवणे आणि संस्थेने सांभाळणे ही आजही चालू असलेली साखळी तेव्हापासून दिसते. तथापि त्या कायद्याने दलालांपेक्षा स्त्रियांवरच पोलिसांची नजर वाढली, असा अलीकडील संशोधनाचा कल आहे.

१९५६ चा अधिनियम : न्यूयॉर्क येथे ९ मे १९५० रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून भारताने १९५६ मध्ये स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराचे दमन करणारा अधिनियम केला. १९८६ च्या दुरुस्तीने त्याला अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम हे नाव मिळाले. पोलीस व वकील त्याला ‘पिटा’ म्हणतात. पुनर्वसनाच्या दृष्टीने कलम १७ कळीचे आहे. सोडवलेल्या व्यक्तीस योग्य त्या दंडाधिकाऱ्यापुढे तातडीने नेणे शक्य नसेल, तर जवळच्या दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने तिला सुरक्षित ताब्यात ठेवता येते, पण दहा दिवसांपेक्षा अधिक नाही. पुढे तिचे वय, पूर्वेतिहास, आईवडील, पालक किंवा पती तिला सांभाळण्यास योग्य आहेत का, घरची स्थिती कशी आहे, याची चौकशी परिवीक्षा अधिकाऱ्यामार्फत (प्रोबेशन ऑफिसर) होते. या काळातील ताब्याची मर्यादा तीन आठवड्यांची आहे. तिला संरक्षणाची गरज आहे असे ठरल्यास दंडाधिकारी एक ते तीन वर्षांपर्यंत संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. निर्णयात साहाय्यासाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे मंडळ बोलावता येते, त्यांपैकी शक्यतो तिघी स्त्रिया असाव्यात. घरच्यांच्या हवाली करण्यापूर्वी त्यांच्या खरेपणाची खातरजमा करणे कलम १७-अ नुसार आवश्यक आहे. आईबाप म्हणून पुढे येणारी माणसे कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीनेच पाठवलेली असण्याची शक्यता यामागे गृहीत आहे.

सज्ञान स्त्रीच्या इच्छेला येथे किती स्थान, हा मात्र वादाचा विषय राहिला. कलमात तिला म्हणणे मांडण्याची संधी आहे. ते म्हणणे बंधनकारक असल्याचे कोठेही म्हटलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये देवनार येथील वसतिगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना मुक्त करताना, वेश्याव्यवसाय हा स्वतः त्या अधिनियमाखाली गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला आपला मार्ग निवडण्याचा हक्क आहे, असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये, इच्छेविरुद्ध संरक्षणगृहात असलेल्या सज्ञान स्त्रियांचा आढावा घेऊन त्यांना कालबद्ध रीतीने सोडण्याचे निर्देश राज्यांना दिले. सांगलीची ‘संग्राम’ ही संस्था व तिच्याशी निगडित, वेश्याव्यवसायातील स्त्रियांची संघटना असलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांची सरसकट छापा-सुटका पद्धतीवरील टीका या आदेशांच्या आधीपासूनची आहे. फसवून आणलेली स्त्री व स्वतःच्या निर्णयाने व्यवसायात असलेली स्त्री यांना एकाच गाडीत बसवून नेऊ नये, एवढा या टीकेचा गाभा. आधीच्या संदर्भग्रंथांत तिला पुरेशी जागा मिळालेली नाही.

अल्पवयीन मुली : येथे भूमिका तुलनेने स्पष्ट आहे. ‘प्रेरणा’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले की, कुंटणखान्यातून सोडवलेली अठरा वर्षांखालील मुलगी ही काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे. दंडाधिकाऱ्याने आधी वयाची निश्चिती करावी आणि अशा मुलीस बालकल्याण समितीकडे पाठवावे. आरोपींचाच वकील मुलींच्या वतीनेही उभा राहण्याच्या प्रघातास या निर्णयाने आळा घातला. याच संस्थेने १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात रात्रीचे संगोपन केंद्र सुरू केले होते. आई धंद्यावर असताना मूल सुरक्षित राहावे आणि तिच्या मुलीला त्याच व्यवसायात ओढले जाऊ नये, हा त्याचा हेतू.

शक्ती समूह : सुटलेल्या स्त्रियांनी स्वतः उभारलेल्या संघटनांत नेपाळमधील शक्ती समूह ही अग्रगण्य असून तिचे मूळ मुंबईत आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील कुंटणखान्यांवर मोठे छापे पडले व चारशेहून अधिक स्त्रिया-मुली सोडवल्या गेल्या. त्यांत सुमारे निम्म्या नेपाळी होत्या. नेपाळ सरकारने त्यांना परत नेण्यात चालढकल केली. महिनोन् महिने सुधारगृहांत काढल्यावर सव्वाशेच्या आसपास मुलींना त्याच वर्षी तेथील स्वयंसेवी संस्थांनी काठमांडूला नेले. परतलेल्यांपैकी काहींनी शक्ती समूह स्थापन केला. नागरिकत्वाची कागदपत्रे वडील किंवा पती यांच्यामार्फत मिळण्याचा नियम असल्याने, घराने नाकारलेल्या मुलींना संस्थेची नोंदणीही कठीण झाली. ती २००० मध्ये होऊ शकली. निवारा, न्यायालयीन साथ व गावपातळीवरील किशोरी गट ही या संघटनेची मुख्य कामे. तिला २०१३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सोडवलेल्या मुलींकडे केवळ साक्षीदार किंवा आश्रित म्हणून पाहण्याची सुधारगृहांची जुनी रीत या संघटनेच्या उदाहरणाने सर्वाधिक प्रश्नांकित झाली, असे म्हणता येईल.

योजना व भरपाई : केंद्र सरकारच्या ‘उज्ज्वला’ योजनेत (२००७) प्रतिबंध, सुटका, पुनर्वसन, कुटुंबात पुनःस्थापन आणि परदेशी स्त्रियांना मायदेशी पाठवणे असे पाच भाग होते. पुढे ती ‘शक्ती सदन’ या योजनेत समाविष्ट झाली. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ ने बळींना राज्याकडून भरपाईचा मार्ग उघडला. आरोपी सापडला नाही किंवा सुटला तरी तो बंद होत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेचे मानवी वाहतुकीविषयीचे कलम ३७० व्यापक झाले, त्याची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ ने घेतली आहे. पुनर्वसनाला स्वतंत्र कायदेशीर चौकट देऊ पाहणारे विधेयक लोकसभेत जुलै २०१८ मध्ये संमत झाले; राज्यसभेची मंजुरी न मिळाल्याने ते २०१९ मध्ये व्यपगत झाले.