ऑनलाइन पोस्टवरून कलम २९९ लागले तर: नोटीस, कागदपत्रे आणि सरकारची मंजुरी

समाजमाध्यमावरच्या मजकुराने धार्मिक भावना दुखावल्याची फिर्याद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली नोंदवतात. १ जुलै २०२४ पूर्वीच्या पोस्टला जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम २९५-अ लागते. गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्र (जामीन न्यायालयाच्या विवेकावर). कमाल शिक्षा ३ वर्षे, दंड किंवा दोन्ही. किमान शिक्षा ठरवलेली नाही.

भावना दुखावल्या एवढ्याने हा गुन्हा होत नाही. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली महेंद्रसिंग धोनी प्रकरणात सांगितले. तरी कलम सढळ हाताने लावले जाते. २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तेव्हा सुरुवातीला २९५-अ च लावले होते. पोस्ट होती मुंबई शहर बंद ठेवण्याबद्दल!

गुन्हा अजून नोंदलेला नसेल तर पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी होऊ शकते (तपास-खटल्याची पद्धत ठरवणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(३)). तिथेच लेखी म्हणणे द्या आणि पोच घ्या. याच संहितेच्या कलम ३५(३) ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस आली तर ठरल्या दिवशी हजर राहा; गैरहजेरी हे अटकेचे कारण बनते. अटकपूर्व जामिनाचा अर्ज कलम ४८२ खाली सत्र किंवा उच्च न्यायालयात करता येतो.

सोबत ठेवायचे: एफआयआर आणि नोटिशीची प्रत, ओळखपत्र, पोस्टची लिंक, तारीख-वेळ आणि मागचापुढचा पूर्ण संवाद. एकट्या वाक्याचा स्क्रीनशॉट संदर्भ गिळतो, आणि हेतू संदर्भातूनच दिसतो. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र, भाग अ आणि ब, हॅश व्हॅल्यूसह (फाइलची डिजिटल ओळख-संख्या) जोडा. फोन जप्त झाला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. वकिलाला विचारल्याशिवाय पोस्ट उडवू नका.

सर्वात दुर्लक्षित कागद म्हणजे मंजुरी आदेश. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ नुसार केंद्र किंवा राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय २९९ ची दखल घेऊ शकत नाही, म्हणजे खटला चालवायला घेऊ शकत नाही. एफआयआर, तपास आणि अटक यांना मात्र मंजुरी लागत नाही, म्हणून माणूस आधी कोठडीत जातो आणि आदेशाची चौकशी नंतर होते. दोषारोपपत्र हाती येताच आदेश आहे का, त्याची तारीख दखल घेण्याआधीची आहे का, हे तपासा. नसेल तर लगेच हरकत नोंदवा.

एकाच पोस्टवर अनेक ठिकाणी गुन्हे नोंदले गेले असतील तर ते एकत्र करण्याची मागणी लवकर करा. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, इथे १ वर्ष, आत काढल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली सुटका मिळू शकते. पण एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असले की ही सवलत जाते. दोष सिद्ध झालाच, तर शिक्षा सुनावण्यापूर्वी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती करावी.