व्हेनियर म्हणजे नकली? मुळीच नाही
जुनं फर्निचर म्हणजे अख्खं भरीव लाकूड, आणि वर व्हेनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, चिकटवलेला दिसला की माल नवा आणि हलका, हा समज चुकीचा आहे. व्हेनियर प्राचीन इजिप्तमध्येही होतं, आणि 18व्या शतकातली युरोपातली उंची कपाटं सर्रास व्हेनियरची आहेत. फरक जाडीत. हातकरवतीने कापलेला जुना थर साधारण दीड-दोन मिलिमीटरचा, यंत्रावरचा आजचा बहुधा एकाहून कमी. तेव्हा नाक मुरडण्याआधी थराची कड पाहा. भरीव लाकडाचं गोल टेबल खरंच जुनं आहे का हे पाहायचं असेल तर टेप दोन्ही दिशांनी लावा: लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला जास्त आकसतं, म्हणून जुना 'गोल' किंचित लांबट भरतो. (तंतोतंत गोल निघाला तर मला शंका येते.)