शाळा इमारत अनुदान (सातारा जिल्हा)

शाळेची इमारत बांधणे, जुन्या वर्गखोल्या दुरुस्त करणे आणि पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, स्वयंपाकगृह, संरक्षक भिंत इत्यादी भौतिक सुविधा पुरविणे यांसाठी मिळणारा शासकीय निधी. सातारा जिल्ह्यात त्याचा मोठा भाग जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांकडे जातो. अनुदानित खाजगी माध्यमिक शाळांच्या इमारतींचा भार मुख्यतः त्या त्या संस्थेवर असतो.

या खर्चाचा आरंभ कोणत्या वर्षापासून धरावा, याबाबत मतभेद आहेत. काही लेखक १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याकडे बोट दाखवितात. पण त्यातील सहायक अनुदानाचे तत्त्व प्रामुख्याने खाजगी शाळांना उद्देशून होते. दुसरे मत आरंभाचा संबंध स्थानिक निधी उपकराशी जोडते. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा असा हा उपकर साधारणतः १८६३ ते १८६५ च्या दरम्यान लागू झाला आणि त्यातील सुमारे एक-तृतीयांश हिस्सा शिक्षणासाठी, तर बाकीचा मुख्यतः रस्त्यांसाठी राखला गेला. त्याला कायद्याचे अधिष्ठान १८६९ मध्ये मिळाले, म्हणून कायद्याला प्राधान्य देणारे अभ्यासक तेच वर्ष घेतात. तथापि रयतेच्या दृष्टीने वसुली हीच खरी घटना असल्याने १८६९ ही नंतरची तारीख स्वीकारण्यास सबळ कारण दिसत नाही. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झालेले असल्यामुळे हा उपकर येथील ब्रिटिश मुलखाला लागू झाला. औंध, फलटण ही संस्थाने त्या व्यवस्थेबाहेर होती. उपकराच्या विनियोगावर सर्वांत परखड टीका महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढील निवेदनात केली. शिक्षणासाठी गोळा केलेला पैसा त्या कामी खर्च होत नाही आणि इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही, असे त्यांनी नमूद केले. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण हे याच जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे.

१९२३ व १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यांनंतर हा कारभार स्थानिक मंडळे व शाळा मंडळांकडून चालला आणि १ मे १९६२ पासून तो जिल्हा परिषदेकडे आला. दरम्यान १९४९ मध्ये दक्षिण सातारा (१९६० पासून सांगली) हा जिल्हा वेगळा झाला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर पाटण परिसरात दगड-मातीच्या बांधकामांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

केंद्राच्या पुढाकाराने १९८७-८८ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, व्हरांडा आणि मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे हे प्रमाण घालून दिले. सर्व शिक्षा अभियानात बांधकामाच्या खर्चाला एकूण प्रकल्प खर्चाच्या ३३ टक्क्यांची मर्यादा होती आणि काम ठेकेदाराऐवजी गावच्या समितीने करावे अशी अपेक्षा होती. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि अडथळाविरहित प्रवेश ही मानके ठरविली. २०१८-१९ पासून समग्र शिक्षा योजनेत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० आहे. याखेरीज नवीन खोल्या व दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजन समितीमार्फत जिल्हा वार्षिक योजनेतून निधी मिळतो. त्यासाठी अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामीच खर्च झाल्याचा दाखला) असा क्रम असतो; धोकादायक खोली पाडण्यापूर्वी तिचे निर्लेखन (नोंदीतून अधिकृतपणे वगळणे) व्हावे लागते.

इमारत अनुदान आणि संयुक्त शाळा अनुदान यांत अनेकदा गल्लत होते. दुसरे अनुदान वर्षाच्या किरकोळ खर्चासाठी व देखभालीसाठी असून ते पटावर ठरते : ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,००० रुपये आणि १०१ ते २५० पर्यंत ५०,००० रुपये. हा निकष सातारा जिल्ह्यात विषम परिणाम घडवितो. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांवर पट थोडा असतो, म्हणून ज्या छपरांवर सर्वाधिक पाऊस पडतो त्यांच्या देखभालीला बहुधा सर्वांत लहान रक्कम येते.