निद्रानाश आणि आत्महत्या: लक्षणापासून धोक्याच्या खुणेपर्यंत

नैराश्याची तीव्रता मोजण्यासाठी मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये एक मोजपट्टी तयार केली. तिच्या १७ मुद्द्यांपैकी तीन फक्त झोपेचे आहेत: लवकर झोप न लागणं, मध्येच मोडणं आणि पहाटे फार लवकर जाग येणं. आत्महत्येच्या विचारांचा मुद्दा वेगळा. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या, पण सगळे गुण नैराश्याच्या खात्यात जमा व्हायचे. नैराश्य ओसरलं की झोप आपोआप सुधारेल, असाच तेव्हा सर्वसाधारण समज होता.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या जॅन फॉसेट आणि सहकाऱ्यांनी भावविकारांच्या, म्हणजे नैराश्यासारख्या आजारांच्या, ९५४ रुग्णांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष मांडले. आयुष्याबद्दलची हताशा, पूर्वी केलेला प्रयत्न या नेहमीच्या खुणा वर्षभरानंतरच्या आत्महत्यांशी जोडलेल्या निघाल्या. पहिल्याच वर्षातल्या आत्महत्यांशी संबंध दिसला तो तीव्र चिंतेचा, कशातच आनंद न वाटण्याचा आणि गंभीर निद्रानाशाचा. माझ्या मते या विषयातला कळीचा टप्पा हाच. डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत धोका आहे का, एवढंच विचारून भागत नाही. तो किती जवळ आला आहे, हेही कळावं लागतं.

२०१२ मध्ये विल्फ्रेड पिजन आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यास, म्हणजे सुमारे दीड लाख लोकांची माहिती एकत्र तपासली. झोपेच्या तक्रारी असलेल्यांमध्ये आत्महत्येचे विचार, प्रयत्न आणि मृत्यू यांचा धोका साधारण दोन ते तीन पट आढळला, आणि केवळ नैराश्याकडे बोट दाखवून तो उडवून लावता येत नव्हता. अर्थात, झोप न लागणाऱ्या बहुतेकांच्या मनात असे विचार येतही नाहीत. पण ज्यांच्या येतात, त्यांनी सकाळ होण्याची वाट न पाहता जवळच्या कुणाला तरी उठवून सांगावं, तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.

रात्रीचं गणित तर फार उशिरा सुटलं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये लिहिलं होतं की आत्महत्या रात्रीपेक्षा दिवसा जास्त होतात, कारण समाजजीवनाची लगबग तेव्हाच असते. आकडे खरे होते. पण रात्री जागी असतात किती माणसं? मायकल पर्लिस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्या त्या तासाला जाग्या असलेल्यांच्या प्रमाणात हिशेब मांडला, तेव्हा मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळेत अपेक्षेपेक्षा साडेतीन पटींहून जास्त आत्महत्या दिसल्या. अपुऱ्या झोपेने मनावरचा लगाम सैल होतो, आणि त्यात बोलायला कुणी जागं नसतं.

मग झोप सुधारली तर धोका घटतो का? वॉन मॅकॉल यांच्या २०१९ च्या चाचणीत निद्रानाश आणि आत्महत्येचे विचार असलेल्या १०३ रुग्णांना नैराश्यावरचं औषध दिलं, काहींना सोबत झोपेची गोळीही. आठ आठवड्यांनी आत्महत्येचे विचार मोजणाऱ्या एका मोजपट्टीवर गोळीमुळे ठोस फरक दिसला नाही, दुसरीवर थोडा दिसला.