ईजीआरला पत्रा मारला की धूर कमी होतो, तीच तर गडबड आहे

मागच्या महिन्यात माझी २०११ची डिझेल हॅचबॅक ठाण्याजवळ गायमुखच्या चढाला रडायला लागली. थर्डला ओढेना, सेकंडला घेतली तर मागे इतका काळा धूर की मागचा रिक्षावाला हॉर्न दाबूनच बसला होता, आरशात त्याचं तोंडही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटला गॅरेजमध्ये नेली. पोराने बॉनेट उघडलं, स्कॅनर लावला आणि दोन मिनिटात निकाल, "काका, ईजीआर चोकअप आहे. पत्रा मारून टाकू, कटकटच गेली. सगळे तेच करतात. इंजिनाला त्याचाच धूर परत पाजायचा, यात काय लॉजिक आहे सांगा ना."

लॉजिक आहे, पण ते गॅरेजमध्ये उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितोय.

ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग वळवून परत इनटेकमध्ये, इंजिनाच्या हवा आत घ्यायच्या वाटेत, सोडायचा. मध्ये एक व्हॉल्व्ह, बऱ्याच गाड्यांत धूर गार करायला कूलंटवर चालणारा कूलर, आणि व्हॉल्व्ह कधी किती उघडायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. पत्रा मारणं म्हणजे धुराची ही परतीची वाटच पत्र्याने बंद करून टाकणं. बऱ्याच जणांना वाटतं की न जळलेलं डिझेल परत जाळायला हा उद्योग असतो. उलटं आहे. धूर आत घेतात तो जळत नाही म्हणूनच.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन हे शाळेत सगळेच शिकलोय. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू तीन-तीन बंधांनी एकमेकांना धरून असतात, सहजी सुटत नाहीत, म्हणून आपण दिवसभर नायट्रोजन छातीत भरतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. पण डिझेलच्या ज्योतीत तापमान २००० अंशांच्या वर जातं, तिथे ऑक्सिजनचे रेणू फुटून सुटे अणू मोकाट फिरायला लागतात. असा एक सुटा ऑक्सिजन नायट्रोजनच्या जोडीवर आदळतो आणि त्यातल्या एकाला पळवतो, झालं नायट्रिक ऑक्साइड. मागे उरलेला एकटा नायट्रोजन काय करतो, जवळच्या ऑक्सिजनच्या रेणूतला एक अणू ओढून घेतो, परत नायट्रिक ऑक्साइड, आणि परत एक सुटा ऑक्सिजन, जो पुढच्या जोडीवर आदळायला मोकळा. ही साखळी याकोव झेल्दोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात मांडली, हाच माणूस पुढे त्यांच्या अणुबॉम्बच्या कामातही होता. पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा आकाशात हेच होतं आणि त्यातून नायट्रेट पावसाबरोबर शेतात उतरतं. शेताला चालतं ते, माजिवड्याच्या सिग्नलला नाकासमोर कुणाला नकोय.

आता खरी मजा. साखळीची पहिली पायरी ऊर्जेच्या हिशोबात भयंकर महाग आहे, त्यामुळे तापमान जरा घसरलं की धंदाच बसतो. ज्योत २६०० केल्विनवरून २४००वर आणली, म्हणजे जेमतेम आठ टक्के उतरवली, तर नायट्रिक ऑक्साइड बनायचा वेग आठ टक्क्यांनी कमी होत नाही, तो आठव्या-नवव्या हिश्शावर येतो!

मग ज्योत उतरवायची कशी? डिझेलचा फवारा सिलेंडरमध्ये सुटतो आणि त्याच्या कडेकडेने, जिथे डिझेलची वाफ आणि ऑक्सिजन बरोबर प्रमाणात भेटतात, तिथे ज्योत धरते. तेवढं डिझेल जाळायला ठरलेला ऑक्सिजन लागणारच, समजा २१ भाग. ताज्या हवेतून घेतला तर त्याच्याबरोबर ७९ भाग बाकीचा वायू येतो, एकूण १००. आता धूर मिसळून आतल्या हवेतला ऑक्सिजन १७ टक्क्यांवर आणा. तेच २१ भाग गोळा करायला ज्योतीला १०२ भाग बाकीचा वायू ओढावा लागतो, एकूण १२३. डिझेल तेवढंच, उष्णता तेवढीच, पण तापवायचा माल जवळजवळ सव्वापट. एकाच शेगडीवर, तेवढ्याच वेळात, एक पातेलं पाणी आणि सव्वा पातेलं पाणी, कोणतं जास्त तापेल ते स्वयंपाकघरातलं कुणीही सांगेल. धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जरा जास्त उष्णता पितात हेही खरं, पण तो जोडधंदा, मुख्य काम ऑक्सिजन विरळ करण्याचंच.

कुणी विचारेल की सिलेंडर गार होताना नायट्रिक ऑक्साइड परत मोडत का नाही, रसायनशास्त्राप्रमाणे तर मोडायला हवं. हवं, पण वेळ कुठाय? २००० आरपीएमला पिस्टन वरून खाली यायला १५ मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात वायू फुगून गार होतो आणि मोडायची प्रतिक्रिया मध्येच थिजते. म्हणजे ज्योतीत एकदा बनलं ते सायलेन्सरमधून बाहेर येणार. म्हणून ते बनतानाच अडवायचं.

हे फुकटात होत नाही. ऑक्सिजन कमी म्हणजे काजळी नीट जळत नाही, ती धुराबरोबर इनटेकमध्ये येते, तिथे क्रँककेसमधून आलेली ऑइलची वाफ भेटते आणि दोघांचा लगदा बसतो. माझा व्हॉल्व्ह काढला तेव्हा भोकात करंगळी जेमतेम जात होती. डांबरात काजळ कालवल्यासारखा चिकट थर, स्क्रूड्रायव्हरने खरवडला की ढलप्या पडत होत्या, आणि बोटाचा वास दोन दिवस जेवताना येत होता. स्टेशनपर्यंत जाऊन परत येणाऱ्या, इंजिन कधी नीट गरमच न होणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं.

आता पिकअपचं बघू, कारण पत्र्याची सगळी जाहिरात त्यावर चालते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू ईजीआर मुळात बंदच करतो, तो चालतो आयडलला आणि हलक्या लोडवर. म्हणजे धड चालणारा व्हॉल्व्ह चढाला तुमची ताकद खातच नाही. माझा उघडा अडकला होता, म्हणून गायमुखला धूर आणि रडगाणं. अशा गाडीला पत्रा मारला तर ती पळणारच, पण साफ केला असता तरी तेवढीच पळाली असती. मायलेज दोनने वाढतं म्हणणाऱ्यांचंही बहुतेक हेच. बाकी डिझेलच्या पाइपला मॅग्नेट लावून मायलेज वाढवणारे आणि नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडणारे मला एकाच रांगेतले वाटतात, फरक इतकाच की लिंबू पाच रुपयाचं असतं.

पत्रा मारल्यावर आणखी एक भानगड. ईसीयू व्हॉल्व्ह उघडायला सांगतो आणि ताजी हवा तेवढी कमी झाली का ते एअर फ्लो सेन्सरवर बघतो. हवा कमी होत नाही म्हटल्यावर पी०४०१ कोड आणि चेक लाइट. मग कुणी पत्र्याला मधोमध बारीक भोक पाडतं, कुणी सॉफ्टवेअरमधूनच ईजीआर उडवतं. फोक्सवॅगनचं २०१५मध्ये जे जगभर गाजलं ते याच नॉक्सवरून, म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरून, टेस्टला गाडी वेगळी आणि रस्त्यावर वेगळी.

सगळ्यात फसवं म्हणजे पत्रा मारल्यावर काळा धूर खरंच कमी होतो. भरपूर ऑक्सिजन मिळाला की काजळी जळते, सायलेन्सर स्वच्छ दिसतो आणि मालक खूश. नायट्रिक ऑक्साइडला रंग नाही. ते बाहेर पडून नायट्रोजन डायऑक्साइड होतं, उन्हात त्यातून ओझोन बनतो, काही नायट्रेटचे बारीक कण होतात जे थेट फुप्फुसात उतरतात. सरकारच्या भारत स्टेज (बीएस) प्रदूषण नियमांत डिझेल कारला नॉक्सची मर्यादा बीएस-३ला किलोमीटरमागे ०.५० ग्रॅम होती, बीएस-४ला ०.२५, बीएस-६ला ०.०८, आणि जुन्या गाड्यांत ही मर्यादा पाळायला ईजीआरशिवाय दुसरं फारसं काही नसतंच. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाही. (कूलर गळून कूलंट जायला लागलं तर तो बदलेपर्यंत नाइलाजाने कुणी बंद केला, ते मी समजू शकतो.)

मी साफच करून घेतला. कार्ब क्लीनरचे दीड कॅन, जुना टूथब्रश, नवीन गॅस्केट, मॅनिफोल्डही खोलला, पोराचे चार तास गेले आणि पत्र्याच्या तिप्पट पैसे. परवा गायमुख थर्डवर चढली. येताना पीयूसी केली. डिझेलला तिथे फक्त धूर किती गडद आहे ते बघतात, धुरातून उजेड किती आरपार जातो एवढंच. पास झाली. पत्रा मारून गेलो असतो तर आकडा आणखी चांगला आला असता.