पिल्ले किती ते कळले, नर किती?

२०२५ च्या जानेवारीअखेर गुहागरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची पट्टी होती. पट्टीवरचा क्रमांक तपासला तेव्हा उलगडले, की ती २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावलेली आहे. म्हणजे बंगालच्या उपसागरातली बाई आता कोकणात बाळंतपणाला आली होती. बातमी गाजली, आणि गाजायलाच हवी होती. पुढे तिच्या अंड्यांतून शंभरावर पिल्ले निघाली, समुद्रात गेली आणि बातमी तिथे संपली.

कोकणातल्या कासवांच्या बातम्या दरवर्षी याच साच्यातून निघतात. घरटी इतकी, अंडी इतकी, पिल्ले इतकी. हे आकडे फुकट मिळालेले नाहीत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला काम सुरू केले. तोवर घरटे दिसले की अंडी टोपलीत आणि टोपली गिऱ्हाइकाकडे, हाच रिवाज होता. कासवाच्या अंड्याने ‘ताकद’ येते ही समजूत त्यामागे होती. ताकद म्हणजे प्रथिने असतील तर ती कोंबडीच्या अंड्यातही आहेत, आणि ते खाल्ल्याने वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीखाली गुन्हा दाखल होत नाही. आता गावागावांत कासवमित्र पहाटे पुळण तुडवतात, मादीच्या पावलांचा माग काढतात आणि अंडी कुंपणाच्या आत हलवतात. अंडी वाचली. मग पुढचा प्रश्न विचारायला हरकत नाही: त्या शंभरावर पिल्लांत नर किती?

हे नुसते बघून कोणालाच सांगता येत नाही. पिल्लाचे लिंग बाहेरून ओळखूच येत नाही. आणि ते ठरते आईबापांकडून नव्हे, तर वाळूकडून.

माणसात एक्स आणि वाय गुणसूत्रांचा हिशेब गर्भधारणेच्या क्षणीच मिटतो. म्हणून नंतर घेतलेला कुठलाही काढा, नवस किंवा पुंसवनाचा विधी तिळमात्र फरक करू शकत नाही. समुद्री कासवांत लिंग ठरवणारी अशी गुणसूत्रेच नाहीत. अंडे उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. या काळाचे तीन भाग केले तर मधल्या भागात अंड्याभोवतीची वाळू किती गरम आहे, त्यावर निकाल लागतो. ऑलिव्ह रिडलेमध्ये हा काटा जागेनुसार साधारण २९ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो. त्याच्या खाली गेले की नर वाढतात, वर गेले की माद्या. एक-दोन अंशांत सगळे घरटे एका बाजूला कलंडू शकते.

पण उष्णता आणि लिंग यांची गाठ पेशीच्या आत नेमकी पडते कुठे? बरीच वर्षे हे कोडेच होते. त्याचा मोठा भाग २०१८ आणि २०२० मधल्या प्रयोगांनी सोडवला. ते प्रयोग झाले लाल कानाच्या स्लायडरवर. मत्स्यालयाच्या दुकानात रुपयाएवढी हिरवी कासवे मिळतात, तीच ही. ‘घरात कासव ठेवले की लक्ष्मी टिकते’ म्हणून लोक ती घेतात. वर्षभरात ती ताटलीएवढी झाली की लक्ष्मीसकट जवळच्या तलावात सोडून देतात, आणि ही परदेशी जात तिथल्या देशी कासवांच्या मुळावर येते. असो.

स्लायडरची अंडी २६ अंशांना उबवली तर नर निघतात, ३२ अंशांना माद्या. गर्भातली जननग्रंथी सुरुवातीला कोरी असते, तिच्यापुढे दोन्ही वाटा खुल्या असतात. वृषणाच्या वाटेवर नेणारे एक महत्त्वाचे जनुक आहे, डीएमआरटी-१. आता डीएनए पेशीत मोकळा लोंबत नसतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांवर तो दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. डीएमआरटी-१ जवळच्या हिस्टोनवर मिथाइल गटांची एक खूण असते. ही खूण म्हणजे कुलूप. ती आहे तोवर जनुक वाचले जात नाही. हे कुलूप काढणारे विकर (एन्झाइम) आहे केडीएम-६बी. गारव्यात, म्हणजे २६ अंशांना, हे विकर भरपूर तयार होते. कुलूप निघते, डीएमआरटी-१ चालू होते आणि वृषण घडते. २६ अंशांनाच हे विकर मुद्दाम दाबले तेव्हा नर व्हायला हवे होते त्यातले बहुसंख्य गर्भ मादीच्या वाटेने गेले.

मग उष्णता काय करते? ३२ अंशांना ग्रंथीच्या पेशींत कॅल्शियम जास्त शिरते. त्यामुळे स्टॅट-३ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेटचा गट चिकटतो आणि ते जागे होते. जागे झालेले स्टॅट-३ थेट केडीएम-६बीच्या जनुकावर जाऊन बसते आणि ते बंद पाडते. कुलूप काढणारा हातच बांधला गेला, म्हणून कुलूप राहिले, आणि नराची वाट बंद झाली. म्हणजे उष्णता मादी ‘बनवते’ असे म्हणण्यापेक्षा ती नराचा दरवाजा उघडू देत नाही, हे म्हणणे जास्त बरोबर. पलीकडच्या बाजूला अरोमाटेझ हे विकर पुरुष-संप्रेरकांचे इस्ट्रोजेन करत असते, तो दुसरा धागा. नराच्या तापमानाला उबणाऱ्या स्लायडरच्या अंड्याच्या कवचावर नुसते इस्ट्रोजेन लावले तरी आत मादी तयार होते. १९९४ मध्ये दिसले, की काही पीसीबी रसायनेही हेच करतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायची तीच ही रसायने. गोड्या पाण्यातल्या स्लायडरची ही साखळी समुद्री कासवांत कडी-कडी तशीच असेल असे धरून चालू नये; पण गारव्यात नर आणि उष्णतेत मादी हा नियम दोघांचा एकच.

आता हा नियम वाळूवर आणून बघू. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण वाढलेल्या कासवांत सुमारे ८७ टक्के माद्या होत्या. लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त. म्हणजे गेली काही दशके तिथल्या पुळणी जवळपास फक्त माद्याच उबवत आहेत.

यावरून ‘कासवे संपली’ असे मथळे देणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि एका घरट्यातल्या पिल्लांचे बाप दोन-तीन असू शकतात. मादी दर वर्षी अंडी घालतेच असे नाही, नर त्या मानाने लवकर परत येतो. थोडा कल माद्यांकडे असणे बिघाडाचे लक्षण नाही. बिघाड तेव्हा, जेव्हा नरांचा पुरवठाच आटतो. आणि वाळू ३४-३५ अंशांवर बरेच दिवस राहिली तर नर-मादी हा प्रश्नच उरत नाही, गर्भ आतच मरतो.

कोकणात हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतले घरटे सावकाश उबते, कधी साठ दिवसही ओलांडते. मार्चमध्ये घातलेले ऐन उन्हाळ्यात भराभर उबते. म्हणून थर्मामीटर नसला तरी अंडी घातल्याची आणि पिल्ले निघाल्याची तारीख नीट लिहिलेली वही बरेच सांगून जाते: जास्त दिवस म्हणजे गार वाळू, म्हणजे नरांची शक्यता जास्त. वाळूच्या रंगानेही फरक पडतो. रत्नागिरीच्या आसपास इल्मेनाइट या काळ्या खनिजामुळे काही पुळणी काळसर आहेत, आणि काळी वाळू पांढरीपेक्षा तापते. सुरूच्या बनाची सावली घरट्यावर किती वाजता येते, हासुद्धा आता जीवशास्त्राचा प्रश्न आहे.

म्हणून हॅचरीत, म्हणजे अंडी हलवतात त्या कुंपणात, काळजी दोन गोष्टींची. पहिली, अंडी हलवण्याची वेळ. आईच्या पोटात ऑक्सिजन फार कमी असतो, त्यामुळे गर्भाची वाढ तिथे थांबवून ठेवलेली असते. अंडे बाहेर पडले की घड्याळ पुन्हा सुरू होते. काही तासांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडे उलटे झाले किंवा गदगदले तर नाजूक पडदे फाटतात आणि गर्भ मरतो. म्हणून अंडी शक्यतो दोन-तीन तासांत हलवावीत. उशीर झाला असेल तर अंड्याच्या वरच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून ते त्याच बाजूने उचलावे, त्याच बाजूने ठेवावे. बादलीत तळाला घरट्यातलीच ओलसर वाळू घालावी. नवा खड्डा मूळ खड्ड्यासारखाच, सुमारे दीड फूट खोल, गळ्याशी अरुंद आणि तळाशी फुगीर, म्हणजे गाडग्याच्या आकाराचा करावा. सरळ डब्यासारखा खड्डा केला तर अंडी विखुरतात आणि वरची उथळ पडतात, आणि उथळ अंडी जास्त तापतात. दोन घरट्यांत निदान तीन फूट अंतर ठेवावे, कारण शंभर गर्भ वाढताना स्वतःची उष्णता सोडतात आणि खेटून असलेली घरटी एकमेकांना तापवतात. पुढच्या वर्षी हॅचरीची जागा बदलावी. जुन्या कवचांवर बुरशी राहते.

दुसरी काळजी तापमानाची. लांब दांड्याचा थर्मामीटर घरट्यापासून फूटभर बाजूला, दीड फूट खोल खुपसून रोज एकाच वेळी नोंद करावी. इतक्या खोलवर दिवस-रात्रीचा फरक अगदी थोडा लागतो, त्यामुळे एक नोंद पुरते. आकडा रोज बत्तीस अंशांच्या वर दिसू लागला की हॅचरीवर सावलीची जाळी बांधावी. ती वाळूपासून चार-पाच फूट उंच असावी. खाली टेकवली तर वारा अडतो आणि उलट उकडते. पाणी मारायचे तर संध्याकाळी, शिंपडूनच. बादल्या ओतल्या की वाळूच्या कणांमधली हवा निघून जाते आणि अंडी गुदमरतात. हा अपघात प्रेमापोटीच होतो. आणि सगळ्या हॅचरीवर एकजात गच्च सावलीही नको, नाहीतर आपणच काटा दुसरीकडे ढकलू. अर्धी घरटी सावलीत, अर्धी उघडी, हा शहाणा हिशेब.

पिल्ले निघाली की ती पाहुण्यांच्या सोयीसाठी टबात तासन्‌तास ठेवू नयेत. पोटातला शिल्लक पिवळा बलक हीच त्यांची शिदोरी. पहिल्या दिवसाची झपाट्याची पोहण त्यावरच होते, आणि टबात वळवळण्यात ती खर्च होते.

किनाऱ्यावर घर, लॉज किंवा होम-स्टे असणाऱ्यांनी करायचे काम सोपे आहे. पिल्लू उजळ क्षितिजाकडे चालते, आणि विजेचे दिवे येण्यापूर्वी ते क्षितिज समुद्राचेच असे. समुद्राच्या बाजूचा पांढरा एलईडी बंद ठेवावा. तो लागणारच असेल तर खाली झाकलेला, पिवळट-तांबडा, म्हणजे ५६० नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचा दिवा लावावा. निळसर पांढरा सर्वांत वाईट. भरतीरेषेच्या वरून गाडी चालवू नये. तिथेच घरटी असतात आणि चाकोरीत पडलेले दीड इंचाचे पिल्लू बाहेर निघत नाही. प्लास्टिकचे म्हणाल तर ‘कासवाला पिशवी जेलीफिशसारखी दिसते’ हे अर्धेच खरे. २०२० च्या एका प्रयोगात लॉगरहेड कासवांनी समुद्रात मुरलेल्या, शेवाळ-जिवाणू चढलेल्या प्लास्टिकच्या वासाला खाण्याच्या वासासारखाच प्रतिसाद दिला. म्हणजे रंग बदलून भागणार नाही, पिशवी पाण्यात जाताच कामा नये.

उरले नर. पिल्लू म्हणून एकदा पुळण उतरला की कोकणातला नर पुन्हा किनाऱ्यावर पाय ठेवत नाही. घरट्यांच्या वहीत तो कधीच येत नाही. जिवंत नराची आणि माणसाची गाठ पडते ती बहुधा जाळ्यातच. म्हणून या हिशेबातला सर्वांत महत्त्वाचा माणूस तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख. महाराष्ट्रात संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर शासनाकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडवतानाचे आणि फाटक्या जाळ्याचे फोटो काढून ठेवावेत.

ट्रॉलच्या जाळ्यातून वर आलेले कासव निपचित असेल तर ते मेलेच असे समजून परत टाकू नये. बुडून बेशुद्ध झालेले कासव पाण्यात टाकले की मात्र नक्की मरते. त्याला पोटावरच ठेवावे, पाठीवर उलटे नको. पोटावर दाब देऊन पाणी काढायला जाऊ नये. मागची बाजू फळीच्या तुकड्यावर निदान सहा इंच उंच करावी, म्हणजे फुप्फुसातले पाणी आपोआप उतरते. अंगावर ओले फडके घालावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, सावली करावी. अधूनमधून डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलके बोट लावून बघावे. चार तास तरी वाट पाहायची, कधी चोवीस तासही लागतात. हालचाल दिसू लागली की जाळे पाण्याबाहेर घेऊन, इंजिन न्यूट्रलला टाकून कासव बोटीच्या मागच्या बाजूने अलगद सोडावे. सोडण्याआधी शेपूट बघावी. ती जाड असून कवचाच्या बरीच बाहेर आलेली असेल तर तो नर, आणि ती नोंद कासवमित्राच्या वहीत हवी.