स्ट्रॉबेरी, परसबागेतील

गुलाबाच्या कुळातली, जमिनीलगत पसरणारी ही बहुवर्षायू वनस्पती आज बागेत ज्या रूपात दिसते, ते रूप मूळचे रानातले नव्हे. १७१४ मध्ये फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीहून मोठ्या फळांच्या जातीची रोपे फ्रान्सला आणली. ती सगळी मादी निघाली आणि वर्षानुवर्षे फळेनात. उत्तर अमेरिकेतली दुसरी जात शेजारी लावल्यावर ती फळू लागली. या दोघींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्मली, हे दुशेन या वनस्पतितज्ज्ञाने १७६६ मध्ये दाखवून दिले.

आपण जो लाल गर खातो तो फुलाचा फुगलेला देठमाथा. खरी फळे म्हणजे त्यावर टोचल्यासारखे दिसणारे पिवळसर दाणे. परागण न झालेल्या दाण्याभोवतीचा गर फुगत नाही, म्हणून वाकडेतिकडे फळ दिसले की मधमाशी कमी पडली असे समजावे. बंद बाल्कनीत मऊ कुंचला फुलावरून गोल फिरवला की हे काम भागते.

महाराष्ट्रात या पिकाचे घर महाबळेश्वर-पाचगणी. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेतकरी पावसाळा सरता सरता गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचे आच्छादन, अंथरून, ठिबकवर लागवड करतात. कुंडीतही वेळापत्रक हेच. प्रचलित जातींना कळी धरायला लहान दिवस आणि थंड रात्री लागतात. पुण्या-नाशिकला ऑक्टोबरात लावलेले रोप डिसेंबर-जानेवारीत फळते. जानेवारीत लावलेल्याला पाने भरपूर येतात, पण फळांचे दिवस हातचे गेलेले असतात. मुंबईसारख्या दमट, उबदार हवेत मोठी अपेक्षा न ठेवलेली बरी.

बियांच्या पाकिटांच्या नादी लागू नये. संकरित रोपाची बी मूळ वाणासारखी उतरत नाही, उगवायला आठवडे घेते, आणि निळ्या स्ट्रॉबेरीच्या नावाने जे विकले जाते ती निव्वळ फसवणूक. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कामारोसा अशा वाणांची रोपे रोपवाटिकेतूनच आणावीत.

आठ-दहा इंची कुंडीला एक रोप पुरे. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचे मिश्रण भुसभुशीत, किंचित आम्लधर्मी असावे, सामू (pH) ५.५ ते ६.५. सगळी मेख मात्र क्राऊनमध्ये आहे. पाने जिथून फुटतात त्या आखूड, जाड खोडाला क्राऊन म्हणतात. तो मातीत गाडला तर सडतो, फार वर राहिला तर मुळे सुकतात. मातीची पातळी बरोबर त्याच्या मध्यावर यावी, कोवळा कोंब उघडा राहावा. पहिल्या पाण्याने माती खाली बसते, तेव्हा पुन्हा एकदा पाहून घ्यावे.

रोज सहा तास तरी ऊन हवे. पाणी बेताने, सकाळी आणि मुळाशी द्यावे. पाने-फळे ओली राहिली की राखी बुरशी धरते. बोअरचे क्षारयुक्त पाणी या रोपाला सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. उन्हे तापू लागली की पानाखाली लाल कोळी ही बारीक कीड येते. पान उलटून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. बुलबुल आणि खारी फळ पुरते लाल होण्याची वाट पाहत नाहीत, तेव्हा जाळी लावावी.

तोडल्यावर स्ट्रॉबेरी लाल होत जाईल, पण गोड होणार नाही. देठाजवळचा पांढरा भाग रंगला की देठासकट खुडावी.

फेब्रुवारीनंतर लांब दोऱ्यासारखे रनर निघतात. फळे हवी असतील तर ते कापावेत. रोप हवे असेल तर टोकाची पालवी शेजारच्या कुंडीत टेकवून मुळे धरेपर्यंत दोरा तोडू नये. असे रोप मे महिना सावलीत कसेबसे काढते, पण जुलैच्या झडीत बहुतेकांचा क्राऊन कुजतो. म्हणून सखल भागातले बागवाले दर ऑक्टोबरला नवी रोपे आणतात.